सिअॅटलहून आलेली स्थगिती

विनीता करंदीकर चांगी विमानतळावर एका विमान कंपनीत ड्यूटी मॅनेजर होती. ठाण्याहून सिंगापूरला येऊन तिला चौदा वर्षं झाली होती, त्यातली अकरा त्या चेक-इन काउंटरमागे गेलेली. पासपोर्ट हातात आला की कुठे पाणी मुरतंय हे तिला पानं उलटता उलटता कळायचं. कागद चोख असतील तर ती कुणाला अडवायची नाही, आणि नसतील तर कुणाच्या रडण्याला बधायची नाही. हाताखालची मुलं तिच्यामागे तिला 'मॅडम रूलबुक' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

२०१७ च्या जानेवारीतला शेवटचा रविवार, चिनी नववर्षाचा दुसरा दिवस. टर्मिनलभर लाल कंदील लागले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानाला दोन तास होते आणि काउंटरवर गोलनाज नावाची तिशीतली इराणी बाई उभी होती. इथल्या विद्यापीठात चार वर्षं कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करून ती आता कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत रुजू व्हायला निघाली होती. व्हिसा खरा, तिकीट खरं, बॅगा वजनात बसलेल्या.

पण आदल्याच दिवशी बातमी आली होती, की अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी एका हुकुमावर सही केली आहे. सात देशांच्या नागरिकांना नव्वद दिवस प्रवेश बंद. यादीत इराण होतं.

विनीताने अमेरिकी सीमाखात्याच्या मदतकक्षाला फोन लावला. उत्तर एका वाक्यात आलं. बसवू नका.

"पण व्हिसा त्यांनीच दिलाय," गोलनाज म्हणाली. "तीन महिने चौकशी करून."

"दिसतंय मला. पण माझ्या हातात काही नाही."

"मग कुणाच्या हातात आहे? एकट्या माणसाच्या?"

विनीताने पासपोर्ट तिच्याकडे परत सरकवला. बॅगा पट्ट्यावरून परत उतरवल्या गेल्या. गोलनाज रडली नाही. "माझा इथला राहण्याचा पास रद्द झालाय," ती म्हणाली. "घर सोडलंय. अकरा फेब्रुवारीपर्यंत मैत्रिणीकडे राहू शकते, मग तेहरान." तिने बॅगेच्या टॅगवर आपला नंबर लिहून पुढे सरकवला. "काही बदललं तर."

एरवी विनीताने तो टॅग कचऱ्यात टाकला असता. तो तिने पर्समध्ये ठेवला.

त्या आठवड्यात घरी, सिमेईच्या फ्लॅटमध्ये, विनीता कुणाशी धड बोलत नव्हती. बुधवारी जेवताना सतरा वर्षांच्या शिवांगीने, तिच्या मुलीने, काय झालं म्हणून विचारलं.

"होणार काय? लोकांनी निवडून दिलाय. त्याने दार बंद केलं, झालं."

"कॅनॉट एनीहाउ क्लोज ला, आई, वाटेल तसं नाही बंद करता येत. बाहेरच्यांना थांबवायची पॉवर त्याला कायद्यानेच दिलीये, आणि ती ह्यूज आहे. बट कोर्ट विचारू शकतं ना, हेच लोक का? वॉशिंग्टन राज्याने केस टाकलीये."

"एक कोर्ट राष्ट्राध्यक्षाला थांबवणार?"

"बघूया," शिवांगी म्हणाली. तिलाही खात्री नव्हती.

शनिवारी सकाळी बातमी आली. वॉशिंग्टन राज्याच्या त्या केसमध्ये सिअॅटलमधल्या एका न्यायाधीशाने हुकुमाला देशभर तात्पुरती स्थगिती दिली होती. दुपारी अमेरिकी सीमाखात्याचं पत्र जोडून कंपनीचं पत्र आलं, की या सात देशांच्या व्हिसाधारकांना पूर्वीप्रमाणे न्यावं. त्यांना स्वतःहून कळवा असं मात्र त्यात कुठेही नव्हतं. प्रवाशाला खासगी फोनवरून संपर्क करायचा नाही, हे विनीतानेच नव्या मुलांना शिकवलेलं. तिने टॅग काढला आणि फोन लावला.

उचलला नाही. चार वेळा लावला, चारही वेळा नाही. साडेपाचला उलट फोन आला तेव्हा विनीता जवळजवळ ओरडलीच. "कुठे होतात तुम्ही? उद्याच निघा. तिकडचं सरकार अपिलात चाललंय. स्थगिती उठली तर दार पुन्हा बंद!"

रविवारी सकाळी सातला गोलनाज हजर होती. विनीताने पासपोर्ट स्कॅन केला आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली. व्हिसा रद्द. हुकुमासोबत ते सगळे व्हिसा एका फटक्यात रद्द केले होते. न्यायाधीशाच्या आदेशानंतर ते पुन्हा वैध झाल्याचं जाहीर झालं होतं, पण या यंत्राला ते अजून कळलेलं नव्हतं.

मदतकक्षाचा फोन लागेना. लागला तेव्हा आठ वाजून गेले होते.

"सिस्टिममध्ये रद्द दिसतोय," पलीकडचा अधिकारी म्हणाला.

"आणि तुमच्याच खात्याचं कालचं पत्र माझ्यासमोर आहे. वाचून दाखवते." तिने ते तारखेसकट शब्दन् शब्द वाचलं.

"थांबा."

फोनवर संगीत सुरू झालं. गोलनाजने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होती. आठ वीसला शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, "मॅडम, क्लोजिंग टाइम. बंद करू?"

"नाही."

अकरा वर्षांत तिने काउंटर एक मिनिटही उशिरा बंद केलं नव्हतं. आता काही झालं तर जाब तिलाच विचारला जाणार होता. आठ सव्वीसला संगीत थांबलं.

"बसवा."

गोलनाज आभार मानायलाही थांबली नाही. गेटकडे पळत सुटली.

विमान उडालं तरी विनीताचा जीव टांगणीलाच होता. सरकारने वरच्या कोर्टात धाव घेतल्याची बातमी विमान हवेत असतानाच आली. निकाल फिरला असता तर गोलनाजला तिथल्या विमानतळावरूनच परत पाठवलं असतं. दुपारभर घरी मायलेकी फोनला चिकटून बसल्या. चहाच्या वेळी शिवांगी किंचाळली. हुकूम ताबडतोब पुन्हा लागू करायला वरच्या कोर्टाने नकार दिला होता.

सोमवारी उठल्यावर गोलनाजचा निरोप दिसला. "तास-दीड तास प्रश्न विचारले. मग सोडलं. बाहेर अनोळखी वकील फुकट मदत करायला बसलेत. मी पोचले."

काउंटर उशिरा बंद केल्याबद्दल विनीताला लेखी समज मिळाली. तिने मुकाट सही केली.

तो हुकूम मार्चमध्ये मागे घेतला गेला, बदलून पुन्हा आला, पुन्हा अडला. तिसऱ्या रूपातला मात्र २०१८ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात बसणारा ठरवला. त्याच वर्षी गोलनाजच्या आईने तेहरानहून लेकीला भेटायला व्हिसा मागितला होता. त्याच हुकुमावर बोट ठेवून तो नाकारला गेला. "या वेळी वाचून दाखवायला कुठलंच पत्र नाही," असं गोलनाजने लिहिलं. विनीताने उत्तराला दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा खोडलं. मग सरळ फोन लावला, आणि दोघी बराच वेळ बोलत राहिल्या.