दस्तगीरचा फोन

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून जमतंय बहुतेक.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मेसेजला वापरायचो त्या ॲपच्या कंपनीनं नियम बदलले, तेव्हा तालमीच्या ग्रुपवर सगळ्यात मोठ्यानं बोंबललो तो मी. आमच्या घरातलं बोलणं हे लोक चोरून वाचणार? सोडा हे ॲप! नवीन मीच शोधलं, आणि तालमीच्या कट्ट्यावर बसून एकेकाच्या फोनमध्ये मीच घालून दिलं. आमच्याकडं फोन देतात तो असा — उघडून, हातात कोंबून, आणि माणूस चहाला निघून जातो. मागं उभं कुणी राहत नाही.

दस्तगीरनंही तसाच दिला. शाळेपासूनचा दोस्त, गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. आता माझा स्वभाव सांगतो — दोघं हळू आवाजात बोलताना दिसले की मला वाटतं, विषय माझाच. तालमीचा अध्यक्ष मी, मला काढायचं चाललंय आणि दस्तगीर त्यात आहे, असा मला वास येत होता. म्हणून... म्हणून काय? मी त्याचे जुने मेसेज वाचले.

माझं नावही नव्हतं कुठं. मुलीला लिहिलं होतं — हात थरथरतोय, शिवण वाकडी जाते, कुणाला सांगू नको.

निदान तिथं तरी गप्प बसलो का? नाही. तालमीतल्या एकाला सांगितलं. काळजीपोटी, असं स्वतःला म्हणालो — खोटं. दुसऱ्याचं काहीतरी मला माहीत आहे, हे मिरवायची खुमखुमी होती. बातमी फिरली. दस्तगीरची गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडं गेली.

"म्या फकस्त पोरीला लिवलंतं," तो मला म्हणाला. "कंपनीनंच फोडलं की रं. तू म्हणत हुतास ते खरं."

मी म्हणालो, "व्हय."

त्यानं तो फोनच विकून टाकला. आता त्याच्याकडं साधा, बटणांचा आहे. परवा त्याची नात पहिल्यांदा चालली, तो व्हिडिओ मुलीनं माझ्याकडं पाठवला — काका, अब्बांना दाखवा. मी फोन उघडून दस्तगीरच्या हातात दिला. तीनदा बघितलं त्यानं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

मी त्याच्या मागं उभा होतो. दुसरं काही उघडतोय का, ते बघत.