मनोऱ्यातली चेटकीण

आमच्या स्वीडनमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी दुपारचे तीन वाजले की घरोघरी सगळे टीव्हीपुढे बसतात. दर वर्षी तोच कार्टून सिनेमा लागतो. त्या वेळी कुणाला फोन केलात तर शिव्या खाल. माझी शेजारीण गुनवोर तो लहानपणापासून आईबरोबर बघत आलीय. आता तिनं साठी ओलांडलीय, आई अंथरुणाला खिळलीय आणि टीव्ही माडीवर आईच्या खोलीत गेलाय. यंदा मीही तिथेच होते.

चेटकिणीनं राजकन्येला मनोऱ्यात कोंडलं. या जागी लहानपणी गुनवोर आईच्या कुशीत तोंड लपवायची. यंदा मात्र ती बघतच राहिली. चेटकीण जेवणाचं ताट घेऊन धापा टाकत जिना चढत होती, रिकामं ताट घेऊन उतरत होती आणि पुन्हा चढत होती.

"आई, राजकन्या तर सुटते," गुनवोर म्हणाली. "या बाईला सोडवायला कोण येतं गं?"

"गप बस. राजपुत्र यायची वेळ झाली," आई म्हणाली. "आणि माझी कॉफी पार गार झालीये."

राजपुत्र आला, तेव्हा गुनवोर खाली कॉफी गरम करत होती.