डब्याला कुणासोबत बसशील?

अंबरपेठेतली गीता सूर्यभान वाघमारे म्हणजे मुलांवर जीव टाकणारी बाई. चिक्कडपल्लीजवळच्या एका शाळेत ती मुलांना मिळूनमिसळून कसं वागायचं, याचा तास घ्यायची. आता हे काय शिकवून येतं होय, कपाळ! पण शिकवायचं, आणि वर मोजायचंही. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला विचारलं होतं, "डब्याला कुणासोबत बसशील? नावं लिही." सातवीत एकट्या प्रणिताचं नाव कुणीच लिहिलं नव्हतं. मराठी घरातली ही पोर शाळेतलं हिंदी अडखळत बोलायची, म्हणून मुली तिच्यापासून लांबच.

वर्षअखेरीस तेच पुन्हा विचारायचं होतं. प्रिन्सिपल तोंडावर म्हणाले, "मॅडम, एक जरी मूल एकटं दिसलं, तर पुढच्या वर्षी हा तास नाही. तुम्हीही नाही."

 गीताचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. आणि खरं सांगायचं तर तिला प्रणिताचंही वाईट वाटत होतं. बिचारीचं नाव कागदावर तरी येऊ दे! प्रणिता आली नव्हती त्या दिवशी तिने त्याच वर्गातल्या मानसीला आणि तिच्या मैत्रिणींना बोलावलं. "एक नाव प्रणिताचं टाका गं. तेवढंच." मुलींनी टाकलं.

निकाल झकास लागला, नोकरी टिकली. पण प्रिन्सिपलना मिरवायची भारी हौस. प्रार्थनेला त्यांनी माईकवरून सांगितलं, "जिला कुणी विचारत नव्हतं, त्या प्रणिताला आज सहा मैत्रिणी आहेत!" वर सहाही नावं वाचून दाखवली. पोरीचा चेहरा असा फुलला की गीताला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी प्रणिताने भला मोठा डबा आणला. आईने पहाटे उठून सगळ्यांना पुरतील एवढे धपाटे केले होते. ती मानसीच्या घोळक्यात जाऊन बसली. मानसी लांब सरकली. मग बाकीच्याही सरकल्या.

"टीचर बोले थे, इसलिए तेरा नाम डाले," मानसी म्हणाली. तिच्या आवाजात रागही नव्हता.

दारातून बघणाऱ्या गीताला स्वतःचीच शिसारी आली. ती लगबगीने गेली, प्रणिताशेजारी खाली बसली आणि धपाट्याचा तुकडा तोडून तोंडात घातला. "छान झालेत गं. आईला सांग हं."

प्रणिताने डब्याचं झाकण लावलं. मग जराही न अडखळता तिने विचारलं, "टीचर, तुम्हाला कुणी सांगितलं इथं बसायला?"