कपाटातला वरवंटा

आमची लालबागची चाळ पाडायला काढली तेव्हा सामान हलवताना आईचा पाटा जिन्यावरून निसटला आणि दुभंगला. हमालाला मी नको नको ते बोलले.  आई मात्र उरलेला वरवंटा माझ्या हातात देत म्हणाली, "एकटो वरवंटो घरात ठेवचो नाय. तुझ्या कालेजात ने. थंय दगडांका मान आसा."

मी भूशास्त्र शिकवते. पोटावर पांढऱ्या रंगाने नमुन्याचा आकडा घालून वरवंटा आमच्या विभागाच्या कपाटात गेला आणि दर वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला टेबलावर येऊ लागला. काळा बेसाल्ट, अंगभर पांढरे ठिपके. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळ्या झिओलाइट नावाच्या खनिजाने भरतात. एवढं पोरं घडाघडा सांगायची. मग मी विचारायची, "आणि हा इतका गुळगुळीत कशाने झाला?"

"नदीतला गोटा आहे ना, मॅम. पाण्याने झिजलाय."

पुस्तकात झिजेचे कारक दिलेत तेवढेच: पाणी, वारा, बर्फ. मिक्सरच्या घरात वाढलेल्या पोरांचं तरी काय चुकलं? तरी मी मनातून चिडायचे. हाताने झिजलाय, असं एकदा तरी कुणीतरी म्हणावं म्हणून वाट बघायचे. रोज सकाळी त्या दगडाखालून ओलं खोबरं, धणे, मिरच्यांचं वाटप निघायचं. त्या घरघरीनेच आम्हाला जाग यायची. तो आवाज मला अजून हवा असतो.

परीक्षा झाली की आईचा फोन ठरलेला. "वळाखल्यान काय गो कोणी?"

"नाही गं."

"मगे नापास कर सगळ्यांका."

यंदा माझ्या लेकीला मुलगी झाली. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. आईने हट्टच धरला, घालायचा तर आपलाच. तिला आता नीट दिसत नाही. पणतीचं बारसं हे आपण बघणार ते शेवटचं कार्य, असं ती उघड बोलून दाखवते.

मी वरवंटा आणून तिच्या मांडीवर ठेवला, तर बाईसाहेबांना संशय. "इतकी वर्सां कपाटात होतो. बदललो नसतलो कशावरना?"

मी ठिपक्यांचं सांगू लागले.

"तसले ठिपके मुंबयच्या सगळ्या दगडांका आसतत. तूच सांगलंस."

 समोर पाळणा सजलेला, बायका खोळंबलेल्या. आईने वरवंटा दोन्ही टोकांना धरला आणि मांडीवरच्या गोधडीवर वाटण वाटावं तसा मागे-पुढे ओढला. टोकांशी दगड खोलगट झालाय. तिथे तिची बोटं बरोब्बर बसली.

"आमचोच," ती म्हणाली. "घाल पाळण्यात."

मला रडू आवरेना. वरवंट्याच्या पोटावरचा आकडा पुसायचा राहूनच गेला होता. त्याच्यावरच मी बाळाची कुंची बांधली.