समोर गेट असूनही आईचं विमान सुटलं

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

आमची आई रोज बसवनगुडीहून बनशंकरीच्या देवळापर्यंत चांगलं तासभर चालत जाते. काल तिला माझ्या भावाकडे कॅनडाला एकटीलाच पाठवलं. वाटेत आखातातल्या एका अवाढव्य विमानतळावर विमान बदलायचं. तिला मराठी आणि कन्नड सोडून तिसरी भाषा येत नाही. मग आपण सगळे करतो तेच मी केलं, तिकिटावर व्हीलचेअर मागितली. पाय ठणठणीत आहेत, पण सोबत कुणीतरी राहील!

आज सकाळी तिचा फोन आला. "अगं, विमान गेलं."

व्हीलचेअरवाल्याने तिला आणि आपल्याकडच्या आणखी काही आजीआजोबांना एका कोपऱ्यात नेऊन बसवलं. स्वल्प थांबा, अशी हाताने खूण केली आणि गायब झाला. नंतर बाकीच्यांना नेलं, हिला विसरले.

मी विमान कंपनीला फोन लावला. म्हणे, "मॅडम, त्या गेटवर आल्याच नाहीत."

अहो, येणार कशा? तुम्हीच बसवून ठेवलंत ना! मी अर्धा तास भांडले. शेवटी उद्याच्या विमानात जागा मिळाली.

मग आईला विचारलं, "गेट लांब होतं का गं?"

"छे, समोरच होतं. लोक आत जाताना दिसत होते की."

"मग उठून गेली का नाहीस?"

"तूच बजावलं होतंस ना, काही झालं तरी खुर्चीतून उठायचं नाही. चालता येतं हे कळलं तर खुर्ची काढून घेतील म्हणून."

सांगा मंडळी, आता मी कुणाशी भांडू?