नानांचं 'पुढे काय?'

आज आमच्या जिन्यात शेजारची मुक्ता पदवीचे पेढे वाटत होती. तळमजल्यावरच्या नानांनी पेढा तोंडात टाकला आणि तो गिळायच्या आत विचारलं, "मग, पुढे काय?"

माझ्या अंगातली सगळी हाडं कडाकडा वाजली. ह्याच माणसानं माझाही पेढा खाऊन हेच विचारलं होतं, तेही शेजारच्या तालुक्याला ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी हाती लागली ती नोकरी धरली आणि जन्मभर फायलींची धूळ खाल्ली. तेव्हापासून रोज आंघोळ करताना मी नानांवर सूड उगवतो. कधी हत्तीच्या पायी देतो, कधी तोफेच्या तोंडी बांधतो. समोर आले की मात्र वाकून नमस्कार.

पदवी मिळाल्यावर माणसाला जरा नुसतं उभं राहू दिलं तर कुणाचं काय जातं? आंब्यालासुद्धा अढीत निवांत पडून राहता येतं!

मुक्ता मात्र हसून म्हणाली, "अजून काहीच ठरलं नाही, नाना. तुमचं काय ठरलंय पुढे?"

नानांना जोरात ठसका लागला. त्यांची पाठ थोपटायला मीच आधी धावलो, आणि चांगली सणसणीत थोपटली.