चालकाचं नाव

प्रेमलाबाई नरखेडकर कधी खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण न बोलता राहणं त्यांना छान जमायचं.

मंद्रूपच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. रोज सकाळी सोलापूरहून एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. जागा मिळाली तर त्या ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायच्या आणि त्याचे हात बघायच्या. गिअर टाकताना त्याचा खांदा कसा हलतो, समोर बैलगाडी आली की पाय कुठं जातो, हे त्यांना पाठ झालं होतं. आठ वर्षांपूर्वी घरात गाडी आली तेव्हा त्यांनी यजमानांना विचारलंही होतं, "अहो, मीही शिकू का?"

"तुला कुठं जायचंय?" चिंतामणराव म्हणाले होते. "मी आहे की!"

ते इतक्या प्रेमानं म्हणाले, की भांडायलाही जागा राहिली नाही. बाईंनी तो विषय तिथंच मिटवला.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांना भाजीबाजारात रुपाली भेटली. मंद्रूपची, त्यांच्याच वर्गातली. आता शहरातल्या जुळे सोलापूर भागात बायकांसाठी गाडी शिकवायचा क्लास चालवत होती.

"बाई, मी तुमच्याकडं बाराखडी शिकले," ती म्हणाली. "आता तुमी माझ्याकडं क्लच शिका की!"

"एकसष्ट वर्षं झाली गं मला."

"मग काय झालं? गाडीला कुटं वय कळतंय?"

पुढच्या सोमवारपासून प्रेमलाबाई रोज सकाळी सहाला "जरा फिरून येते" म्हणून बाहेर पडू लागल्या. ते खोटंही नव्हतं. पहिल्या आठवड्यात गाडी अठरा वेळा बंद पडली. दुसऱ्या महिन्यात त्या चढावर गाडी न घरंगळू देता उभी करायला शिकल्या. परवाना पोस्टानं आला तेव्हा चिंतामणरावांची दुपारची झोप चालली होती. बाईंनी तो शिलाई मशीनच्या खणात ठेवला. सांगायचं होतं, पण सांगितलं की ते शेजारच्या सीटवर येऊन बसणार आणि सूचना सुरू होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चिंतामणरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी बहुतेक झाकलेलीच असायची. नोव्हेंबरात ते आठवडाभर पुण्याला मुलाकडं, सुबोधकडं गेले. त्याच आठवड्यात निरोप आला, की चंद्रव्वा पडली आणि तिचा पाय मोडला. चंद्रव्वा मंद्रूपच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायची. बाईंचा डबा राहिला तर आपल्यातली भाकरी पुढं करायची. प्रेमलाबाईंनी गाडीवरचं कव्हर काढलं, घडी घालून डिकीत ठेवलं आणि त्या एकट्याच मंद्रूपकडं, विजापूर रस्त्याला लागल्या.

जाताना सगळं शिस्तीत झालं. चंद्रव्वाशी तासभर बोलणं झालं. परतताना मात्र वडकबाळचा पूल मागं पडला आणि पुढं लाल एसटी दिसली. शाळेतून त्या रोज परतायच्या तीच सव्वापाचची. बाईंनी आरसा बघितला, दिवा लावला, गाडी बाजूला काढली आणि पाय दाबला. एसटीच्या एकेका खिडकीतली माणसं मागं सरकत गेली. ड्रायव्हरनं वळून बघितलं. बाईंना हसू आवरेना. काट्याकडं त्यांचं लक्षच गेलं नाही.

चिंतामणराव परत आल्यावर त्यांच्या मोबाइलवर दंडाचा मेसेज आला. निवृत्तांच्या मंडळात असल्या खोट्या मेसेजबद्दल त्यांनी इतकं ऐकलं होतं, की त्यांनी तो न वाचताच पुसला. मग एक दिवस घरी नोटीस आली. ताशी साठच्या मर्यादेत वाहन एक्याऐंशीनं गेलं. खाली गाडीचा फोटो, नंबर स्वच्छ. आणि त्याखाली लिहिलेलं: त्या वेळी वाहन कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता व परवाना क्रमांक मालकानं कळवावा.

"मी पुण्यात, गाडी कव्हराखाली, आणि हे म्हणतात वडकबाळ!" चिंतामणराव तापले. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं त्यांनी भल्याभल्यांची चुकीची कागदपत्रं परत पाठवली होती. "कुणीतरी आपल्या नंबरची खोटी पाटी लावून फिरतोय. उत्तर देतो मी."

प्रेमलाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्या गॅलरीत गेल्या आणि त्यांनी रुपालीला फोन लावला.

"हात्तिच्या! एवढंच व्हय?" रुपाली म्हणाली. "माझं नाव टाका की बाई. सांगा, क्लासवालीनं चालवून बघायला नेली हुती. आमचा धंदाच हाय."

"आणि उद्या तुझ्या परवान्यावर डाग आला तर?"

"येऊ दे की. तुमी माझ्यासाठी कमी केलं का?"

बाई क्षणभर मोहात पडल्या. मग म्हणाल्या, "नको गं. गाडी मी चालवली. इतक्या वर्षांनी एक गोष्ट एकटीनं केली, तिचं नाव दुसऱ्याला कशाला देऊ?"

आत आल्या तेव्हा चिंतामणरावांचा मसुदा तयार होता. नेहमीप्रमाणे त्यांनी तो शुद्धलेखन तपासायला पुढं केला. ‘सदर दिवशी सदर वाहन जागेवरून हललेले नाही, याची मी खात्रीपूर्वक ग्वाही देतो.’ खाली त्यांची ठसठशीत सही.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "‘खात्रीपूर्वक’ काढा," त्या म्हणाल्या.

"का? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं?"

"शुद्धलेखन बरोबर आहे. मजकूर चूक आहे." त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "गाडी मी चालवत होते."

चिंतामणरावांनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग फोटोकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं. बाईंनी मशीनच्या खणातून परवाना आणून टेबलावर ठेवला. चिंतामणरावांनी तो उलटासुलटा करून पाहिला, तारीख वाचली.

"दीड वर्ष झालं," ते हळू म्हणाले.

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शेजारी बसला असतात. मग मी घाबरले असते. मला आधी न घाबरता यायला पाहिजे होतं."

त्यांनी परवाना पुन्हा टेबलावर ठेवला. जेवताना भाकरी अर्धीच ठेवली, बातम्या लावल्या त्या बघितल्या नाहीत. त्यांना लागलं होतं, हे बाईंना दिसत होतं. बाईंनाही वाईट वाटलं, पण पश्चात्ताप मात्र होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते एकदम म्हणाले, "एक्याऐंशी?"

"लक्ष नव्हतं. ते चुकलंच माझं."

"कितव्या गिअरला?"

"पाचव्या."

"मी आठ वर्षांत पाचवा दोनदाच टाकला," ते म्हणाले आणि कपात बघून हसू लागले. मग नवा कागद घेऊन त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘सदर वाहन माझी पत्नी सौ. प्रेमला चिंतामण नरखेडकर चालवीत होती.’ परवान्याचा क्रमांक दोनदा ताडून पाहिला.

दोघं रिक्षानं वाहतूक शाखेत गेले. खिडकीशी बसलेल्या महिला हवालदारानं पत्र वाचलं आणि मान वर केली. "चालक कुठायत?"

"मीच," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही?" तिनं परवाना पाहिला, वय पाहिलं. "इथं येणारा प्रत्येक जण सांगतो, मी नव्हतो म्हणून."

"मी होते. वेगही माझाच. पुन्हा नाही होणार."

"जपून चालवा हं," ती म्हणाली. तिचा स्वर दटावणीचा होता, चेहरा तसा नव्हता. दंड भरून, पावती घेऊन दोघं बाहेर आले. समोरच्या टपरीवर चिंतामणरावांनी स्वतःहून दोन चहा सांगितले. एरवी बाहेरचा चहा त्यांना चालत नसे.

त्यानंतरच्या रविवारी गाडी जिन्याशी आली तेव्हा ते शेजारच्या सीटवर बसले. सूचना झाल्याच. "डावीकडं घे, हॉर्न दे, तो बघ रिक्षावाला." बाईंनी निम्म्या ऐकल्या, निम्म्या सोडून दिल्या. महिनाभरात सूचना कमी झाल्या आणि गप्पा वाढल्या.

जानेवारीत ते मंगळवेढ्याला ज्वारी आणायला निघाले. दोन्ही बाजूंना कणसं भरलेली, उभी. एका वळणावर मेंढरांचा कळप रस्त्यात आला. बाईंनी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. चिंतामणरावांचा हात हॉर्नकडं जाता जाता मांडीवर परतला. शेवटचं कोकरू पार झाल्यावर म्हातारा मेंढपाळ खिडकीशी आला.

"लई बरं केलं, ताई. भोंगा वाजला की बिथरत्यात वो ही."

"सावकाश होऊ दे, आण्णा. आम्हाला घाई नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चावी फिरवली.